तुमच्या तिजोरीतली भोकं आमच्या भिंतीत आहेत

प्रति,
सॉफ्टवेअरमध्ये सापडलेली त्रुटी जाहीर करायची की झाकून ठेवायची, हे ठरवणारे देशोदेशींच्या गुप्तचर संस्थांमधले आणि सायबर दलांमधले अधिकारी

सप्रेम नमस्कार.

पत्र लिहिण्यास कारण की, गेल्या आठवड्यात मी त्या यंत्रावरचा कागद पुन्हा एकदा बदलला. जुना पिवळा पडून कोपऱ्यातून सुटला होता. त्यावर लाल मार्करने लिहिलेलं असतं: 'अपडेट करू नये. पेनड्राइव्ह लावू नये. अडचण आल्यास आधी फोन करावा.' खाली माझा एक्स्टेन्शन नंबर.

मी एका रुग्णालयात सिस्टिम ॲडमिन आहे. प्रिंटर अडकला की ज्याला हाक मारतात, आणि सगळं सुरळीत चालू असलं की हा नेमका काय काम करतो असा ज्याच्याबद्दल लोकांना प्रश्न पडतो, तो माणूस. कागद चिकटवलेलं यंत्र म्हणजे स्कॅनिंग मशीनला जोडलेला कॉम्प्युटर. मशीन ठणठणीत आहे, अजून बरीच वर्षं चालेल. पण त्या कॉम्प्युटरमधलं विंडोज इतकं जुनं आहे की त्याला आता पॅच, म्हणजे भोकं बुजवणाऱ्या दुरुस्त्या, येत नाहीत, आणि नवं टाकलं तर मशीन बनवणारी कंपनी हात वर करते. 'आम्ही तपासून दिलेली सिस्टिम हीच, बदललीत तर जबाबदारी तुमची.' नवं मशीन घ्यायचं तर तेवढे पैसे नाहीत. म्हणून त्याला बाकीच्या नेटवर्कपासून तोडलं, मध्ये फायरवॉल घातली आणि वर कागद चिकटवला. हसू नका. जगातल्या कुठल्याही मोठ्या रुग्णालयात गेलात तर असा एखादा कागद सापडेल.

आता तुमच्याकडे वळतो. तुमच्या बैठका कशा चालतात याची थोडीफार माहिती आता जगजाहीर आहे. विंडोजमध्ये, राउटरमध्ये किंवा मोबाइलमध्ये असं भोक सापडतं की जे खुद्द बनवणाऱ्या कंपनीला माहीत नाही. आमच्या धंद्यात त्याला झीरो-डे म्हणतात, म्हणजे दुरुस्तीसाठी हातात शून्य दिवस. मग टेबलाभोवती खल होतो. कंपनीला सांगितलं तर भोक बुजेल, पण सगळ्यांचंच बुजेल, शत्रूचंही. नाही सांगितलं तर शत्रूच्या घरात शिरायला वाट राहील. या निवाड्याची नियमावली अमेरिकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केली, ब्रिटनने २०१८ मध्ये. चीनने २०२१ पासून वेगळाच नियम केला: कंपनीला आपल्या उत्पादनातली त्रुटी कळली की ४८ तासांत सरकारी मंत्रालयाला कळवायची. म्हणजे पॅच तयार व्हायच्या आधी यादी सरकारच्या हातात. बाकीचे बहुतेक देश या विषयावर अवाक्षर काढत नाहीत, पण बाजारभाव गुपितं फोडतोच. मालकाने कुठेही बोट न लावता अँड्रॉइड फोनमध्ये शिरता येईल, अशा त्रुटीसाठी झीरोडियम नावाच्या दलाल कंपनीने २०१९ मध्ये २५ लाख डॉलरपर्यंतचा भाव जाहीर केला होता. एवढा भाव देणारं गिऱ्हाईक भुरटा चोर नसतं.

तुमच्या जगात या सगळ्याला आधार देणारा एक शब्द आहे, 'नोबस'. नोबडी बट अस. हे भोक आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाला सापडणार नाही आणि सापडलं तरी वापरता येणार नाही, अशी खात्री. माझं सगळं भांडण या एका शब्दाशी आहे, कारण तो खोटा ठरला तेव्हा मी ड्यूटीवर होतो.

इटर्नलब्लूची गोष्ट तुम्हाला सांगायला नको. पण पत्र खुलं आहे, म्हणून इतरांसाठी सांगतो. फाइली आणि प्रिंटर एकमेकांत वाटून घेण्यासाठी विंडोज जी जुनी व्यवस्था वापरतं, तिच्यात एक चूक होती. अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने ती शोधली, तिच्यावर इटर्नलब्लू नावाचं हत्यार बनवलं आणि वॉशिंग्टन पोस्टच्या बातमीप्रमाणे पाच वर्षांहून जास्त काळ ते वापरलं. ऑगस्ट २०१६ मध्ये 'शॅडो ब्रोकर्स' नाव घेतलेल्या कुणीतरी एनएसएची हत्यारं आपल्या हाती लागल्याची दवंडी पिटली. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टचा पॅच आला. बरोबर महिन्याने, १४ एप्रिलला, ते हत्यार जसंच्या तसं इंटरनेटवर येऊन पडलं, फुकट. आणि १२ मेच्या शुक्रवारी त्याच हत्यारावर स्वार होऊन वॉनाक्राय सुटला, फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस.

सुमारे दीडशे देश, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर. अमेरिका आणि ब्रिटनने पुढे उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं. तो थांबला तोही कुठल्या सायबर दलामुळे नव्हे. मार्कस हचिन्स नावाच्या २२ वर्षांच्या पोराने त्या व्हायरसच्या पोटातला एक विचित्र वेबपत्ता पाहिला आणि अकरा डॉलरपेक्षाही कमी पैशात तो नोंदवून टाकला. तो पत्ता जिवंत दिसला की व्हायरस आपणच थांबत होता. तिथल्या सरकारी अहवालाप्रमाणे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी ८० ट्रस्टना, म्हणजे रुग्णालयं वगैरे चालवणाऱ्या संस्थांना, झळ बसली, पाच रुग्णालयांना तातडीचे रुग्ण दुसरीकडे वळवावे लागले, रद्द झालेल्या अपॉइंटमेंटचा अंदाज १९ हजारांचा होता. मला त्या अहवालातला दुसराच आकडा टोचतो. त्या ८० पैकी ४६ ट्रस्टमध्ये व्हायरस शिरलाच नव्हता. खबरदारी म्हणून यंत्रणा बंद केली, किंवा ज्यांच्यावर अवलंबून होते त्यांची बंद पडली, म्हणून त्यांचं काम अडलं.

आम्ही त्या अहवालात नाही, पण आमची गत तीच झाली. शनिवारी सकाळी सहाला फोन आला. स्विच-रूममध्ये उभं राहून मी एकेक निळी केबल उपटत होतो आणि दुसऱ्या हाताने कुठली कुठे होती ते डायरीत लिहीत होतो. दहाव्या केबलनंतर लिहिणं सोडून दिलं. आमच्याकडे खंडणी मागणारी ती लाल खिडकी एकाही पडद्यावर उघडली नाही. तरीही त्या दिवशी लॅबचे रिपोर्ट कागदावर घेऊन वॉर्डबॉय जिने चढत-उतरत होते. एका सिस्टरने मला कॉरिडॉरमध्ये अडवून विचारलं, "या पेशंटला कशाची ॲलर्जी आहे ते आता कुठे बघू?" ते त्या बंद पडद्यामागे होतं. तिने नातेवाइकांना विचारलं, त्यांनी घरी फोन लावला, घरी कुणीतरी जुनी फाइल शोधून चिठ्ठी वाचून दाखवली. अर्धा तास गेला. वाईट काही घडलं नाही. सायबर युद्धात झालेल्या नुकसानीचे मोठमोठे आकडे छापून येतात, त्यात हा अर्धा तास कुठल्या रकान्यात बसतो ते मला अजून सापडलेलं नाही.

तुम्ही म्हणाल, पॅच दोन महिने आधी आला होता, मग लावला का नाहीत? आमच्या संचालकांनीही हेच विचारलं होतं, याच सुरात. पॅच लावणं म्हणजे बटण दाबणं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा माझ्यासोबत रात्रपाळीला बसावं. अतिदक्षता विभाग बंद ठेवता येत नाही, फार्मसी बंद ठेवता येत नाही, अपघात विभाग तर नाहीच. मला महिन्यातून एक रात्र मिळते, अकरा ते तीन. त्या चार तासांत सर्व्हर खाली घ्यायचे, पॅच लावायचे, वर आणायचे आणि बिलिंग, फार्मसी, लॅब पुन्हा एकमेकांशी नीट बोलतात का ते पाहायचं. एकदा एका साध्यासुध्या अपडेटनंतर लॅबच्या छापील रिपोर्टमधली दशांशचिन्हं गायब झाली. पोटॅशियम ४.२ च्या जागी ४२. पहाटे साडेतीनला पॅथॉलॉजीच्या मॅडमनी ते पकडलं. तेव्हापासून मी पॅच न लावायला जितका घाबरतो, तितकाच लावायलाही घाबरतो. आधी चाचणीच्या कॉम्प्युटरवर, मग दोन-चार टेबलांवर, मग बाकी ठिकाणी, असाच जातो. यात कामचुकारपणा नाही, रुग्णालय असंच चालतं. आणि हिशेबच करायचा तर पूर्ण करू. तुमच्याकडे पाच वर्षं होती. १४ मार्च ते १२ मे, आम्हाला ५९ दिवस मिळाले.

साडेसहा आठवड्यांनी तेच हत्यार दुसऱ्या हातात दिसलं. २७ जून २०१७. युक्रेनमध्ये कराचे हिशेब भरण्यासाठी सर्रास वापरलं जाणारं एम.ई.डॉक हे सॉफ्टवेअर, त्याच्या अपडेटमधून नॉटपेट्या नावाचा व्हायरस बाहेर पडला. सोंग खंडणीचं होतं, पण पैसे भरले तरी डेटा परत मिळायची सोयच ठेवलेली नव्हती. इटर्नलब्लूच्या जोडीला कॉम्प्युटरच्या मेमरीतून पासवर्ड उचलण्याची युक्ती होती, त्यामुळे एक कच्चा कॉम्प्युटर सापडला की शेजारचे पॅच लावलेलेही पडले. मर्स्क या जहाज कंपनीला दहा दिवसांत ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. कुणाला कुठे प्रवेश आहे याची अख्खी वही ज्याच्यात असते तो डोमेन कंट्रोलर. जगभरातल्या त्यांच्या सगळ्या प्रती पुसल्या गेल्या, एक वाचली. ती घानाच्या ऑफिसातली, कारण ऐन वेळी तिथली वीज गेली होती. ॲडमिन मंडळी ही गोष्ट एकमेकांना हसत सांगतात आणि घरी जाण्याआधी आपला बॅकअप एकदा तपासतात.

या प्रकरणाची पुढची कडी मात्र हसण्यासारखी नाही. नॉटपेट्यासाठी अमेरिका आणि ब्रिटनने फेब्रुवारी २०१८ मध्ये रशियाच्या लष्कराला जबाबदार धरलं, रशियाने कानावर हात ठेवले. मर्क या औषध कंपनीने आपल्या नुकसानीचा विमा मागितला, तेव्हा विमा कंपन्या म्हणाल्या, हे युद्ध होतं आणि युद्धाचं नुकसान आम्ही देत नाही. दावा १४० कोटी डॉलरचा होता. न्यू जर्सीच्या न्यायालयांनी २०२२ मध्ये आणि पुढे अपिलात २०२३ मध्ये कौल मर्कच्या बाजूने दिला. तोवर लंडनच्या लॉइड्स या विमाबाजाराने आपल्याकडच्या सायबर पॉलिसींमधून सरकारपुरस्कृत मोठे हल्ले वगळायचा दंडक घातलाही होता. म्हणजे हल्ला करणारं सरकार म्हणतं आम्ही नाही, हत्यार घडवणाऱ्यांना त्यावर बोलायची मुभा नाही, विमावाला म्हणतो हे तर युद्ध. उरतो तो ज्याचे कॉम्प्युटर गेले.

चोरी झाली हा अपवाद होता, असं म्हणून 'नोबस' वाचवता येत नाही. मे २०१९ मध्ये सिमँटेक या सायबर सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की चीनशी जोडल्या जाणाऱ्या 'बकआय' गटाने एनएसएच्या हत्यारांच्या आवृत्त्या मार्च २०१६ मध्येच वापरल्या होत्या, शॅडो ब्रोकर्सचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा. सिमँटेकचा कयास असा की एनएसएची तिजोरी त्यासाठी कुणी फोडली नसावी. हल्ल्याचा माग नेटवर्कमध्ये बघून बकआयने हत्यार पुन्हा घडवलं असावं. क्षेपणास्त्र पडलं की त्याच्या ठिकऱ्या होतात. हे हत्यार ज्याच्यावर टाकाल त्याच्या अंगणात अख्खंच्या अख्खं पडून राहतं.

इराणच्या अणुकार्यक्रमावर सोडलेल्या स्टक्सनेट या व्हायरसच्या वेळीच हे दिसलं होतं. तिथल्या नतान्झच्या अणुकेंद्रातले सेंट्रिफ्यूज, म्हणजे युरेनियम गरागरा फिरवून समृद्ध करणारी यंत्रं, सेकंदाला १०६४ आवर्तनांवर चालायचे ते त्याने १४१० वर नेले, मग २ वर आणले, आणि यंत्रणेला कुठे काही बिघडल्याची शंकाही येऊ दिली नाही. हजारएक सेंट्रिफ्यूज बदलावे लागले असं मानलं जातं. अभियांत्रिकी म्हणून मी टोपी काढतो. पण ते नतान्झमध्ये थांबलं नाही. २०१० मध्ये उघडकीला आलं तेव्हा जगभरच्या हजारो कॉम्प्युटरमध्ये पसरलेलं होतं, आणि त्यात वापरलेली शॉर्टकट फाइलची त्रुटी पुढे कित्येक वर्षं साधे चोरटे वापरत राहिले. त्यातले काही माझ्या वाट्यालाही आले, पेनड्राइव्हमधून. कागदावरची दुसरी ओळ तेव्हाची आहे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. बहुतेक हल्ल्यांना तुमच्या तिजोरीची गरजच नसते. २३ डिसेंबर २०१५ ला पश्चिम युक्रेनमधल्या वीज कंपन्यांच्या नियंत्रण कक्षात पडद्यावरचा माउस आपोआप सरकायला लागला. ऑपरेटरच्या डोळ्यांदेखत त्याने एकेक ब्रेकर उघडला, आणि सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. ग्राहकांना तक्रार करता येऊ नये म्हणून कॉल सेंटरचे फोनही जाम केले होते. सुरुवात कशाने झाली? ईमेलला जोडलेल्या एका साध्या ऑफिस फाइलने. वीज काही तासांत परत आली, कारण तिथे जुने हाताने चालवायचे स्विच शिल्लक होते आणि ते चालवता येणारी माणसंही. नवीकोरी, पूर्ण स्वयंचलित यंत्रणा असती तर कर्मचाऱ्यांनी सबस्टेशनवर जाऊन हात कशावर ठेवला असता? आधुनिकीकरणाचे प्रस्ताव वाचताना मला हा प्रश्न हमखास आठवतो. असो.

तर मग तिजोरीवरच का चिडायचं? फरक वेगाचा आणि पसाऱ्याचा आहे. ईमेल पाठवून शिरणारा एकेक घर फोडतो, त्याला महिने लागतात, वाटेत कुणीतरी जागं होतं. इटर्नलब्लूसारख्या भोकाला कुणी दार उघडावं लागत नाही, एका यंत्रातून दुसऱ्यात ते आपणच चालत जातं. म्हणून सगळंच उघड करा असा माझा हट्ट नाही. एखाद्या फोनमधली त्रुटी वापरून तुम्ही एका खुन्याचा माग काढत असाल, तर त्याचा निवाडा तुम्ही आणि तुमची न्यायालयं करा. पण जी त्रुटी स्वतःच्या पायाने पसरू शकते, ती कुणीही साठवू नये. अमेरिकेने नाही, रशियाने नाही, चीनने नाही, आणि 'ते साठवतात म्हणून आम्ही' असं म्हणणाऱ्या लहान देशांनीही नाही. ज्या देशाच्या रुग्णालयांत, पाणीपुरवठ्यात, वीजकेंद्रांत तीच विंडोज आणि तेच राउटर आहेत, त्याने ती झाकून ठेवणं म्हणजे विहिरीत विष कालवून शत्रू तहानलेला येईल म्हणून वाट बघणं, आणि घरचे पाणी भरतात तेही त्याच विहिरीतून.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१५ मध्ये, सायबर जगात देशांनी कसं वागावं याचे ११ संकेत ठरवले आहेत. त्यातला एक म्हणतो की त्रुटी जबाबदारीने कळवायला देशांनी उत्तेजन द्यावं. दुसरा म्हणतो की जनतेला सेवा देणाऱ्या मूलभूत यंत्रणांना जाणूनबुजून इजा करू नये. सगळे ऐच्छिक. युक्रेनची वीज त्याच वर्षी गेली.

आणखी दोन मागण्या आहेत, छोट्या. तिजोरी फुटल्याचा नुसता संशय आला तरी त्याच दिवशी कंपनीला फोन करा. शॅडो ब्रोकर्सची दवंडी ते पॅच, यात सात महिने गेले. आणि त्या टेबलाभोवती एक खुर्ची अशा माणसाला द्या, ज्याने कधीतरी पहाटे तीनला सर्व्हर वर यायची वाट पाहिली आहे. त्याला बाकी काही येत नसेल, पण 'दोन महिन्यांत जग पॅच लावून मोकळं होईल' असं कुणी म्हटलं तर तो हसेल. तुम्हाला असं हसणारं कुणीतरी हवं आहे. सर्व्हरवर सर्रास चालणाऱ्या लिनक्स या सिस्टिममधल्या एक्सझेड या बारक्या घटकात कुणीतरी दोनेक वर्षं विश्वास कमावून चोरदार बसवलं होतं, ते मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलं. आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरला ते सापडलं, कारण लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे त्याला सतावत होतं. तो सुरक्षातज्ज्ञ म्हणून काम करत नव्हता, वेगळ्याच कामात होता.

पॅच दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. या खेपेला मला त्याच आठवड्यातली शनिवारची रात्र मिळाली आहे, अकरा ते तीन. यादीत काही घालायचं असेल तर त्याआधी कळवा. एक्स्टेन्शन नंबर कागदावर आहे, आणि कागद कुठल्या यंत्रावर आहे ते शोधणं तुम्हाला अवघड जाऊ नये.

आपला,
एका रुग्णालयाचा सिस्टिम ॲडमिन